आई-वडिलांचं मेडिकेड आणि मागे राहिलेलं घर : सरकारी वसुली मर्यादेत कशी ठेवायची

वडील जाऊन दीड-दोन महिने झालेले असतात. दिवसकार्य उरकलेलं असतं, बँकेचे आणि विम्याचे कागद चाळायला घेतलेले असतात, आणि राज्य सरकारचं एक पाकीट येतं. पत्ता घातलेला असतो 'एस्टेट ऑफ' अमुक यांच्या नावे. आत मागणीचा आकडा असतो, कधी काही हजार डॉलर, कधी लाखांच्या घरात. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांना 'मेडिकेड एस्टेट रिकव्हरी' हे शब्द पहिल्यांदा तिथेच भेटतात.

मेडिकेड ही कमी उत्पन्न असलेल्यांसाठी केंद्र आणि राज्य मिळून चालवतात ती सरकारी आरोग्य योजना. तिने वृद्ध माणसाच्या देखभालीवर केलेला खर्च त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून परत मिळवायचा, असा हा प्रकार. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने तो सगळ्या राज्यांवर बंधनकारक केला. पण त्याच कायद्याने वसुलीला कुंपणंही घातली आहेत, आणि बरीचशी कुंपणं आपण बोट दाखवल्याशिवाय कुणी पाहत नाही. दोन गोष्टी आधीच मनात पक्क्या करा. पत्रातला आकडा ही मागणी आहे, निकाल नाही. आणि ही मागणी मृताच्या मालमत्तेवर आहे, मुलांच्या पगारावर किंवा घरावर नाही.

१. आधी कपाटातलं कार्ड काढा

मेडिकेअर आणि मेडिकेड या वेगळ्या गोष्टी आहेत. मेडिकेअर हा मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा केंद्रीय आरोग्य विमा, त्याच्या खर्चाची अशी वसुली होत नाही. मेडिकेडची होते. गोंधळ असा की मेडिकेड स्वतःच्या नावाने क्वचितच समोर येतं. कॅलिफोर्नियात ते मेडि-कॅल असतं, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, टेनेसीत टेनकेअर. त्यातून कार्डावर एखाद्या खासगी विमा कंपनीचं नाव असलं, तर घरच्यांची समजूत होते की बाबांचा 'प्रायव्हेट इन्शुरन्स' आहे.

मुलांनी ग्रीन कार्डावर बोलावलेल्या आई-वडिलांना केंद्रीय मेडिकेडसाठी साधारण ५ वर्षं थांबावं लागतं (काही राज्यं स्वतःच्या पैशातून आधीही देतात). ती वर्षं सरली की कुणीतरी अर्ज भरून देतं. सकाळी बस दारात येते, आजी-आजोबा अॅडल्ट डे केअरला जातात, तिथे जेवण, थोडा व्यायाम, भजन, पत्ते. सगळं 'फुकट'. त्या केंद्राचं बिल मेडिकेड भरत असेल, तर तो खर्च पुढे हिशेबात येऊ शकतो. म्हणून ते नाकारावं, असं मुळीच नाही. फक्त ते कोणाच्या खात्यावर चाललं आहे हे माहीत असावं. अर्जात वसुलीची सूचना छापलेली असते. सही करण्याआधी तेवढं पान वाचा आणि अर्जाची प्रत ठेवा.

जाता जाता : पालकांना बोलावताना मुलाने भरलेला आय-८६४ हा हमीचा फॉर्म वेगळा. त्याखाली सरकार हमीदाराकडे पैसे मागू शकतं, आणि पालक नागरिक झाले की ती हमी संपते. एस्टेट रिकव्हरी नागरिक झाल्याने संपत नाही. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात.

२. वसुली कोणत्या खर्चाची?

साधारण नियम असा की वयाच्या ५५ व्या वर्षापासून पुढचा खर्च धरला जातो. (नर्सिंग होममध्ये कायमचा दाखल झालेला माणूस त्याहून लहान असला तरी त्याच्या बाबतीत वसुली होऊ शकते.) केंद्रीय कायद्याने राज्यांना ज्याची वसुली करायलाच लावली आहे ते एवढंच : नर्सिंग होम, घरी किंवा समाजात राहून मिळणाऱ्या दीर्घकालीन देखभालीच्या सेवा, आणि त्या काळातला त्यांच्याशी संबंधित रुग्णालयाचा व औषधांचा खर्च. बाकी डॉक्टरच्या भेटी, तपासण्या, दात, चष्मा यांची वसुली करायची की नाही, हे ज्या-त्या राज्याने ठरवायचं.

इथेच राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कॅलिफोर्निया पूर्वी सगळं वसूल करत असे. १ जानेवारी २०१७ पासून झालेल्या मृत्यूंसाठी ते केंद्रीय किमान मर्यादेवर आलं. मॅसॅच्युसेट्सने हाच मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सही झालेल्या कायद्याने धरला, तो १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या मृत्यूंना लागू आहे. म्हणजे मृत्यूची तारीख हा एक निर्णायक आकडा ठरतो.

दोन बाबी विशेष लक्षात ठेवा. मेडिकेअरचा हप्ता आणि त्यातली रुग्णाच्या वाट्याची रक्कम मेडिकेडच्या 'मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅम'ने भरली असेल, तर १ जानेवारी २०१० पासूनची अशी रक्कम वसूल करता येत नाही. दुसरी बाब उलट दिशेची. मॅनेज्ड केअरमध्ये राज्य विमा कंपनीला दरमहा ठरावीक रक्कम देतं, माणूस त्या महिन्यात दवाखान्याची पायरी चढो वा न चढो. वसुलीत हीच मासिक रक्कम धरली जाते. म्हणून 'आई तर वर्षात दोनदाच डॉक्टरकडे गेली' असं म्हणणाऱ्या घरालाही मोठा आकडा येतो. केंद्रीय संसदेला मेडिकेडबाबत सल्ला देणाऱ्या 'मॅकपॅक' आयोगाने मार्च २०२१ च्या अहवालात सुचवलं होतं की मासिक रक्कम आणि प्रत्यक्ष सेवेचा खर्च यांतली कमी असेल ती धरण्याची मुभा राज्यांना द्यावी, आणि मुळात वसुलीच ऐच्छिक करावी. २०१९ च्या आर्थिक वर्षात सगळ्या राज्यांनी मिळून जेमतेम ७३ कोटी डॉलर गोळा केले होते. दीर्घकालीन देखभालीवरच्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम एक टक्काही भरत नाही, आणि ती येते मुख्यतः ज्यांच्याकडे एका घरापलीकडे काही नाही अशांकडून.

३. तुमच्या राज्यात 'एस्टेट' म्हणजे काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथेच लोक शेजाऱ्याच्या सांगण्यावर जातात. शेजारी दुसऱ्या राज्यातून आलेला असतो.

काही राज्यांत वसुली फक्त प्रोबेटमधून जाणाऱ्या मालमत्तेपुरती असते, म्हणजे जी वारसांना देण्यासाठी न्यायालयाची प्रक्रिया लागते तेवढीच. कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा या गटात येतात. लिव्हिंग ट्रस्टमधलं (मालकाने हयातीतच केलेल्या ट्रस्टच्या नावावर ठेवलेलं) घर, नॉमिनी लावलेलं सेवानिवृत्ती खातं, आयुर्विमा, संयुक्त नावावरची ठेव हे प्रोबेटबाहेर जात असल्याने साधारणपणे वसुलीतूनही बाहेर. (अमेरिकेत 'बेनिफिशियरी' म्हणून नाव लावलेला माणूस त्या पैशाचा मालक होतो, आपल्याकडच्या नॉमिनीसारखा नुसता राखणदार नव्हे.)

दुसऱ्या राज्यांत व्याख्या विस्तारलेली आहे. न्यू जर्सी त्यांपैकी. तिथे संयुक्त मालकीतला मृताचा हिस्सा आणि लिव्हिंग ट्रस्टमध्ये ठेवलेली मालमत्ताही 'एस्टेट'मध्ये धरली जाते. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या भावाने चार हजार डॉलर मोजून केलेला ट्रस्ट त्याच्या घराला वाचवतो, आणि त्याचीच नक्कल करून न्यू जर्सीतल्या बहिणीने केलेला ट्रस्ट वसुलीच्या बाबतीत निरुपयोगी ठरतो.

घर मुलाच्या नावावर असून आई-वडील त्यात नुसते राहत असतील, तर त्या घराचा इथे संबंध नाही. पण डीडवर (घराच्या मालकीच्या दस्तावर) त्यांचं नाव आहे का, हे काउंटीच्या नोंदीतून तपासा. कर्ज घेताना किंवा हौसेने 'बाबांचंही नाव घालू' म्हणून घातलेलं नाव घरात सगळे विसरून जातात. काउंटीची नोंद विसरत नाही. तीच गोष्ट बँक खात्याची. मुलाने स्वतःच्या पगाराच्या खात्याला सोयीसाठी आईचं नाव जोडलं, की पात्रतेच्या तपासणीत ते पैसे आईचे समजले जाऊ शकतात आणि मुलाचे आहेत हे मुलालाच सिद्ध करावं लागतं.

४. मागे कोण आहे?

केंद्रीय कायद्यानुसार पुढीलपैकी कुणीही हयात असेल तोवर वसुली करता येत नाही :

- मृताची पत्नी किंवा पती
- २१ वर्षांखालचं मूल
- अंध किंवा कायमचं अपंग असलेलं मूल, वय कितीही असो

हयात जोडीदार त्याच घरात राहायला हवा, किंवा अमेरिकेतच असायला हवा, अशी अट कायद्यात नाही. आई पुण्यात असेल तरी ती हयात आहे. तसा पुरावा मात्र द्यावा लागतो : पासपोर्टवर पतीचं नाव, विवाहाचा दाखला, आणि पेन्शनसाठी काढतो तसा हयातीचा दाखला. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लग्नाचा नोंदणी दाखला अनेकांकडे नसतो. तो वेळेत काढून ठेवा. मराठीतल्या प्रत्येक कागदासोबत इंग्रजी भाषांतर आणि 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे' असं भाषांतर करणाऱ्याचं सही केलेलं निवेदन जोडा.

'वसुली करता येत नाही' याचे अर्थ मात्र दोन निघतात. कॅलिफोर्नियात पती किंवा पत्नी हयात असेल, तर दावा कायमचा सुटतो. इतर काही राज्यांत तो फक्त थांबतो, आणि जोडीदार गेल्यावर पुन्हा उभा राहतो. पत्रव्यवहारात 'वेव्ह' (सोडून देणं) शब्द आहे की 'डिफर' (पुढे ढकलणं), ते बघा. या एका शब्दावर पुढच्या पिढीचं घर अवलंबून असतं.

फॉर्मवर 'इंडियन' लोकांच्या काही मालमत्तेला सूट असल्याचा उल्लेख दिसेल. ते आपण नव्हे. ती सूट अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींसाठी आहे.

५. माणूस हयात असतानाच करायच्या गोष्टी

मृत्यूनंतर दावा कमी करता येतो. पण घर खऱ्या अर्थाने वाचतं ते आधी.

पहिला अडसर म्हणजे ६० महिन्यांचा 'लुक-बॅक'. दीर्घकालीन देखभालीसाठी अर्ज केला की बहुतेक राज्यं मागच्या ५ वर्षांतले व्यवहार तपासतात. त्या काळात घर किंवा पैसे योग्य मोबदला न घेता कुणाला दिले असतील, तर तेवढ्या किमतीला त्या राज्यातल्या नर्सिंग होमच्या सरासरी दराने भागून जितके महिने येतील तितके महिने मदत नाकारली जाते. समजा, १,२०,००० डॉलर मुलाला दिले आणि सरासरी दर महिन्याला १२,००० धरला जातो, तर १० महिने. हा काळ पैसे दिले त्या दिवसापासून मोजत नाहीत. माणूस नर्सिंग होममध्ये पोचला, पैसे संपले, बाकी सगळ्या अटी पूर्ण झाल्या, की मग मोजायला सुरुवात होते. म्हणजे नेमका हातात काही नसताना. आयकर खातं वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतची भेट करमुक्त मानतं, त्याचा इथे काहीही उपयोग नाही. हा सापळा फार जणांना लागतो.

पण घराचं हस्तांतर चार जणांना लुक-बॅकचा दंड न लागता करता येतं : जोडीदार, २१ वर्षांखालचं, अंध किंवा अपंग मूल, घरात मालकीचा हिस्सा असलेलं आणि पालक नर्सिंग होममध्ये दाखल होण्याआधी निदान १ वर्ष तिथे राहिलेलं त्यांचं भावंड, आणि 'केअरटेकर चाइल्ड', म्हणजे दाखल होण्याआधी सलग निदान २ वर्षं त्याच घरात राहून ज्या मुलाने किंवा मुलीने अशी सेवा केली की त्यामुळे आई-वडिलांना तेवढा काळ नर्सिंग होममध्ये जावं लागलं नाही.

या शेवटच्या सवलतीत एक काटा आहे. कायद्यात मुलगा किंवा मुलगी आहे, सून नाही. आपल्या घरांत अंघोळ घालण्यापासून औषधांपर्यंत सगळं सुनेने केलेलं असतं आणि मुलगा कामावर असतो. अर्जात तसं लिहिलं तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मुलगा खरोखर काय करत होता, रात्री उठवणं, डॉक्टरकडे नेणं, इन्सुलिन देणं, घरूनच काम करणं, हे तारखांसह लिहून ठेवा. जे केलं नाही ते लिहू नका. पुरावा म्हणून त्याच पत्त्यावरचा वाहन परवाना, त्या २ वर्षांचे आयकर विवरणपत्र, आणि डॉक्टरांचं पत्र लागतं. 'मुलाने काळजी घेतली' एवढं पत्र पुरत नाही. 'ही सेवा नसती तर रुग्णाला त्या तारखेपासूनच नर्सिंग होमच्या पातळीची देखभाल लागली असती' असं स्पष्ट हवं. असं पत्र त्या काळात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच आणि शक्यतो तेव्हाच घ्यावं. तीन वर्षांनी डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले असतात.

घरच्या घरी मुलाचं नाव डीडवर चढवू नका. त्याने लुक-बॅक लागतो, विस्तारित व्याख्येच्या राज्यात आई-वडिलांचा हिस्सा तरीही वसुलीत राहतो, आणि वर कराचा फटका. भेट म्हणून मिळालेल्या घराची मूळ किंमत आई-वडिलांनी १९८५ साली दिली तीच धरली जाते. वारशाने मिळालं तर मृत्यूच्या दिवसाची बाजारभावाची किंमत धरतात. विक्रीच्या वेळी हा फरक लाखो डॉलरांचा होतो.

प्रोबेटपुरती वसुली असलेल्या राज्यांत सोपे मार्ग आहेत. टेक्सस, फ्लोरिडा, मिशिगन अशा मोजक्या राज्यांत 'लेडी बर्ड डीड' चालतं : आई-वडील हयातीत घराचे पूर्ण मालक राहतात, विकूही शकतात, आणि मृत्यूनंतर घर प्रोबेटशिवाय मुलांकडे जातं. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये 'ट्रान्सफर ऑन डेथ' डीडही आहे. ते टेक्ससमध्ये हयातीतच, तर कॅलिफोर्नियात नोटरीसमोर सही झाल्यापासून ६० दिवसांत काउंटीत नोंदवलेलं असावं लागतं. सही करून कपाटात ठेवलेलं डीड कागदाचा तुकडा आहे. विस्तारित व्याख्येच्या राज्यात मात्र ५ वर्षं आधीचा अपरिवर्तनीय ट्रस्ट वगैरे विचार करावा लागतो, आणि तो एल्डर लॉच्या, म्हणजे वृद्धांविषयीच्या कायद्याच्या, वकिलाशिवाय करू नये.

दीर्घकालीन देखभालीचा विमा अजून मिळण्यासारखा असेल, तर 'पार्टनरशिप' प्रकारची पॉलिसी विचारा. त्या पॉलिसीने जेवढे डॉलर भरले, तेवढ्या डॉलरची मालमत्ता पात्रतेत आणि पुढे वसुलीतही सोडली जाते.

माणूस नर्सिंग होममध्ये गेला आणि घर रिकामं असेल, तर 'परत घरी येण्याचा इरादा आहे' हा फॉर्म भरा. नाहीतर काही राज्यं हयातीतच घरावर लीन, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर चढतो तसा बोजा, नोंदवू शकतात. त्याआधी सूचना आणि सुनावणीची संधी द्यावीच लागते. जोडीदार, लहान किंवा अपंग मूल घरात राहत असेल तर असा बोजा चढवता येत नाही, आणि माणूस खरोखर घरी परतला तर तो उतरवावा लागतो.

६. भारतातली मालमत्ता

याबद्दल इंग्रजी माहितीपत्रकांत एक ओळही सापडत नाही, आणि मराठी घरांचं घोडं इथेच अडतं.

६५ वर्षांवरच्यांच्या मेडिकेडला मालमत्तेची मर्यादा असते. बऱ्याच राज्यांत एकट्या माणसाला अवघी २,००० डॉलर, कॅलिफोर्नियात जानेवारी २०२६ पासून १,३०,०००. राहतं घर साधारण सोडतात. पुण्यातला दुसरा फ्लॅट सोडत नाहीत. मालमत्ता परदेशात आहे म्हणून ती अदृश्य होत नाही. अर्जात विचारलेलं असतं आणि खाली खोटं लिहिल्यास शिक्षेची ताकीद असते. 'इथे कुणाला कळणार' हा सल्ला ज्यांच्याकडून येतो, सही त्यांची नसते.

आता खरा सापळा : हक्कसोडपत्र. गावी आजोबांच्या जमिनीची वाटणी निघते, काका फोन करतात, 'दादा, तुला काय करायचीय जमीन, सही करून टाक.' वडील दूतावासात जाऊन कागद साक्षांकित करून पाठवतात. मेडिकेडच्या नजरेत ही मोबदला न घेता दिलेली मालमत्ता आहे, आणि ती गेल्या ६० महिन्यांत असेल तर दंड लागू शकतो. बक्षीसपत्राचंही तेच. फ्लॅट विकून पैसे तिन्ही मुलांत वाटले, त्याचंही तेच. वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर वडिलांचं नाव नव्याने चढलं, तर तोही मालमत्तेतला बदल आहे आणि तो बहुतेक ठिकाणी १० दिवसांत कळवायचा असतो.

मग करायचं काय? सही करण्याआधी हिस्सा नेमका किती आणि त्याची किंमत किती हे लेखी काढा. वीस वारसांच्या सातबाऱ्यावरचा विसावा हिस्सा कधी कधी अगदी किरकोळ निघतो. हिस्सा विकता येण्यासारखाच नसेल, दावा न्यायालयात असेल, किंवा त्या घरात भाऊ सहमालक म्हणून राहतो आणि विक्री झाली तर त्याला दुसरं घर नाही अशी स्थिती असेल, तर ती मालमत्ता मोजणीतून वगळण्याची मागणी करता येते. त्यासाठी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, वारसांची यादी, दाव्याची कागदपत्रं आणि भाषांतरं द्या. हक्क सोडायचाच असेल तर मोबदला घेऊन, तो दस्तात लिहून, बँकेमार्फत घ्या.

७. मृत्यूनंतरचे पहिले तीन महिने

मृत्यूच्या दाखल्याच्या निदान ८-१० प्रमाणित प्रती काढा. नंतर मागवायला वेळ जातो.

मेडिकेड कार्यालयाला कळवायचं की नाही, किती दिवसांत, हे राज्याप्रमाणे बदलतं. कॅलिफोर्नियात मृत व्यक्तीला मेडि-कॅल मिळत असेल, तर मालमत्तेची जबाबदारी असलेल्याने ९० दिवसांत राज्याच्या आरोग्य सेवा विभागाला मृत्यूच्या दाखल्यासह कळवायचं असतं. तिथून राज्याला दावा मांडायला ४ महिने मिळतात. कळवणं टाळलं तर ही मुदतच चालू होत नाही, म्हणजे दडवून फायदा शून्य.

यानंतर या काळातला सर्वांत महाग पडणारा नियम : दावा मिटेपर्यंत मालमत्ता वाटू नका. एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने) आधी भावंडांना पैसे वाटले आणि नंतर दावा आला, तर ती रक्कम त्याच्यावर वैयक्तिक येऊ शकते. अंत्यसंस्कार आणि प्रोबेटचा वाजवी खर्च साधारणपणे मेडिकेडच्या आधी वळता होतो, तेव्हा त्यांच्या पावत्या सांभाळा. लीन किंवा दावा बाकी असताना घराचा कर आणि विमा भरत राहा; टेक्सससारख्या राज्यात घर टिकवण्यावर वारसांनी केलेला आवश्यक खर्च दाव्यातून वजा मागता येतो.

हाताशी ठेवायची कागदपत्रं :

- मृत्यूचा दाखला, मेडिकेड आणि मेडिकेअर कार्डांच्या दोन्ही बाजू
- मृत्युपत्र आणि न्यायालयाने दिलेलं अधिकारपत्र
- घराचं डीड, कराचं ताजं बिल, मृत्यूच्या तारखेचं मूल्यांकन, कर्जाची बाकी
- अंत्यसंस्कार, कर, विमा, दुरुस्ती यांच्या पावत्या
- हयात जोडीदाराचा किंवा अपंग मुलाचा पुरावा (अमेरिकेत असल्यास सोशल सिक्युरिटीचं मंजुरीपत्र)
- घरात राहणाऱ्या वारसाचे पत्त्याचे आणि उत्पन्नाचे पुरावे
- ज्या पाकिटातून पत्र आलं ते पाकीट. मुदत मोजताना त्यावरचा शिक्का उपयोगी पडतो.

८. हिशेब मागवा आणि ओळ न् ओळ तपासा

मागणीपत्रात बहुधा एकच बेरीज असते. लेखी पत्र पाठवून सेवानिहाय, तारीखनिहाय तपशील मागा. आल्यावर बघा : ५५ व्या वाढदिवसाआधीच्या तारखा आहेत का? मृत्यूनंतरचे महिने लागले आहेत का? माणूस चार महिने भारतात असताना नर्सिंग किंवा डे केअरच्या ओळी दिसतात का? (पासपोर्टवरचे शिक्के काढून ठेवा.) राज्य फक्त किमान वसुली करत असेल तर साध्या डॉक्टरभेटी आत घुसल्या आहेत का? २०१० नंतरचा मेडिकेअरचा हप्ता धरला आहे का? नावातली गल्लतही तपासा. एकाच आडनावाची, एकाच पहिल्या नावाची दोन माणसं मराठी वस्तीत असतातच.

चूक सापडली तर फोनवर वाद घालू नका. त्या ओळीचा क्रमांक, कारण आणि पुरावा देऊन लेखी हरकत घ्या, पोचपावतीच्या टपालाने.

काही राज्यांत दावा एका मर्यादेखाली असेल तर सोडूनच देतात. टेक्ससमध्ये मालमत्ता १०,००० डॉलर किंवा कमी, अथवा मेडिकेडचा खर्च ३,००० किंवा कमी असेल तर वसुली नाही. शिवाय तिथे मृत्यूआधी निदान १ वर्ष त्या घरात सतत राहिलेलं अविवाहित प्रौढ मूल असेल, तरी सूट आहे. न्यू जर्सीत आधीपासून सतत तिथेच राहणाऱ्या कुटुंबीयाचं ते मुख्य घर असेल, तर राज्य बोजा नोंदवतं, पण तो माणूस घर विकेपर्यंत, सोडेपर्यंत किंवा जाईपर्यंत वसुली करत नाही.

९. हार्डशिपचा अर्ज

वसुलीने वारसावर अवाजवी संकट येत असेल तर ती माफ करण्याची सोय प्रत्येक राज्याला ठेवावीच लागते. केंद्रीय मार्गदर्शनात तीन उदाहरणं आहेत : मालमत्ता हेच वारसांच्या उत्पन्नाचं एकमेव साधन, जसं घरचं दुकान किंवा शेत, घर माफक किमतीचं, किंवा इतर सबळ कारण. माफक म्हणजे काय, हे कॅलिफोर्नियाने आकड्यात सांगितलं आहे : मृत्यूच्या दिवशी त्या काउंटीतल्या घरांच्या सरासरी किमतीच्या ५० टक्के किंवा कमी.

मुदत लहान असते. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये नोटिशीपासून ६० दिवस. काही राज्यांत याहून खूप कमी, म्हणून पत्र उघडल्या दिवशी शेवटची तारीख कॅलेंडरवर टाका. कागद पूर्ण नसले तरी अर्ज मुदतीत द्या आणि 'उरलेली कागदपत्रं पाठवत आहे' असं लिहा.

अर्जात दुःख कमी, आकडे जास्त हवेत. 'आईच्या आठवणींचं घर' या वाक्याने काही होत नाही. महिन्याचं उत्पन्न, भाड्याने राहिल्यास लागणारं भाडं, मुलांचं शिक्षण, आजार, घर विकल्यास हाती काय उरेल, हे कागदांसह मांडा. घरात राहून ज्याने सेवा केली त्याच्या नावे अर्ज असावा. दुसऱ्या राज्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या भावाने केलेला अर्ज टिकत नाही. अनेक वारसांपैकी एकालाच माफी मिळते आणि ती त्याच्या हिश्श्यापुरती राहते, असंही होतं. फेटाळला गेला तर सुनावणी मागण्याची मुदत नकाराच्या पत्रातच असते.

वकील परवडत नसेल तर लीगल एडच्या (मोफत कायदेशीर मदतीच्या) कार्यालयात एल्डर लॉ पाहणारे वकील असतात. वृद्धांना मदत करणाऱ्या स्थानिक 'एरिया एजन्सी ऑन एजिंग'कडे फोन केला तर ते नाव सुचवतात. अर्जाचे फॉर्म भरून देणारे 'एजंट' आणि एस्टेट रिकव्हरी समजणारे वकील यांत फरक असतो. पहिलाच प्रश्न विचारा : 'आपल्या राज्यात वसुली प्रोबेटपुरती आहे की विस्तारित?' उत्तर चटकन आलं नाही तर पुढचा वकील गाठा.

१०. रक्कम ठरली, पुढे काय

माफी मिळाली नाही तरी तडजोड होऊ शकते. कमी रकमेत एकरकमी मिटवणं, हप्ते, किंवा घरावर बोजा ठेवून विक्रीपर्यंत थांबणं असे पर्याय राज्याप्रमाणे असतात. थांबण्याच्या पर्यायात व्याज लागतं का, आणि किती, हे सही करण्याआधी लेखी घ्या. वसुली मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. दावा २ लाखांचा आणि कर्ज-खर्च वजा जाता हाती ४०,००० उरत असतील, तर बाकीचा विषय तिथेच संपतो.

पैसे भरल्यावर दोन कागद मिळवा : दावा पूर्ण मिटल्याचं पत्र, आणि लीन असेल तर 'रिलीज ऑफ लीन'. हा दुसरा कागद काउंटीच्या रेकॉर्डर किंवा क्लार्ककडे नोंदवावा लागतो, आणि राज्य तो आपणहून नोंदवेलच असं नाही. नोंदवून झाल्यावर दोन आठवड्यांनी काउंटीच्या नोंदीत घरमालकाच्या नावाने शोध घ्या आणि बोजा उतरलेल्या पानाची प्रत डीडसोबत ठेवा.